एकर तिचा, सातबारा कोणाचा?

संयुक्त राष्ट्रसंघाने 2026 हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष’ म्हणून जाहीर केले आहे. अशा वर्षांचे आपल्याकडे काय होते, हे वाचकांना सांगायला नको. जिल्ह्याच्या ठिकाणी मंडप पडतो, दीपप्रज्वलन होते, खेड्यांतून आणलेल्या पाचपन्नास बायका पुढच्या रांगांत बसवल्या जातात, त्यांतल्या चौघींना साडीचोळी आणि नारळ मिळतो, आणि संध्याकाळच्या एस.टी.ने त्या गावी परततात. दुसऱ्या दिवशी ज्या शेतात त्या खुरपायला उतरतात, त्या शेताच्या उताऱ्यावर त्यांचे नाव काल नव्हते आणि आजही नसते.

गरीब शेतकरी कुटुंबांच्या शाश्वत उपजीविकेविषयी आपल्या राज्यात गेल्या तीस वर्षांत जे काही गंभीरपणे करून पाहिले गेले, त्यातला एक अत्यंत लक्षणीय प्रयोग धाराशिव जिल्ह्यात झाला. तो यशस्वीही झाला, त्याला मानसन्मानही मिळाले. तथापि त्या प्रयोगाच्या पायाखालची जमीन, अगदी शब्दशः, ती कसणाऱ्या बाईची नाही. आणि ही गोष्ट मोठ्याने बोलायला सरकार, बँका, सेवाभावी संस्था किंवा सद्भावनेने देणग्या पाठवणारी तुमच्याआमच्यासारखी माणसे, कोणीच फारसे उत्सुक नाही. प्रस्तुत लेख ह्या मौनाविरुद्ध आहे.

आधी मुलखाविषयी थोडे. 2023 सालापर्यंत ह्या जिल्ह्याचे कागदोपत्री नाव उस्मानाबाद होते. जुन्या लोकांच्या तोंडी धाराशिव होतेच. नाव बदलले, पाऊस बदलला नाही. बालाघाटाच्या पठारावरचा हा भाग. पावसाची वार्षिक सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास सांगतात, पण सरासरीने पीक येत नाही. 2012 नंतरच्या चार वर्षांत तीन दुष्काळ पडले. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आणि 2025 च्या सप्टेंबरात भूम-परांडा भागात असा पाऊस कोसळला, की वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले आणि नदीकाठच्या शेतांतली माती खरवडून गेली. केंद्राने 2018 साली देशातले मागास जिल्हे निवडून त्यांना ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव दिले, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद ह्या चारांची निवड झाली. आकांक्षा कोणाच्या, हे त्या यादीत लिहिलेले नव्हते.

अशा मुलखातला जुना कोरडवाहू शेतकरी एका पिकावर पैज लावीत नसे. तुरीच्या ओळींमध्ये मूग-उडीद, ज्वारीच्या कडेने करडई, मध्येच अंबाडी, चवळी, जवस अशी त्याची पेर असे. रब्बीची ज्वारी हे इथले मुख्य अन्न, आणि तिचा कडबा हे जनावरांचे. पाऊस एका पिकाला हुकला तर दुसऱ्याला सापडे. ह्या मिश्र पेरणीचे बियाणे राखणे हे बायकांचे काम होते: राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून, गाडग्यात लिंपून ठेवलेले. कोणते वाण कोणत्या रानात तग धरते हे ज्ञान घरातल्या म्हातारीपाशी असे, आणि म्हणून पेरणीच्या दिवसांत तिला घरात काही एक किंमत असे.

मग सोयाबीन आले. सोयाबीन हे काही वाईट पीक नव्हे. साडेतीन-चार महिन्यांत हाती रोकड देते, म्हणूनच लोकांनी ते उचलले आणि त्यासाठी त्यांना मूर्ख ठरवण्याचा अधिकार शहरातल्या माणसाला नाही. परंतु सोयाबीनची भाकरी होत नाही. सगळे रान त्याच्याखाली गेले, की तूरडाळीपासून मिरचीपर्यंत सर्व काही आठवडी बाजारातून आणावे लागते, आणि ते आणण्याची ऐपत सर्वस्वी एका भावावर लटकते. तो भाव कोणाच्या हाती असतो, हे 2021 साली दिसले. ऑगस्टच्या सुमारास सोयाबीन काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले; त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली; शेतकऱ्याचा नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला होता. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये असताना बाजार समित्यांत त्याहून कितीतरी खाली सौदे झाले. अशा वर्षी ज्या घरात मुठभर तूरदेखील पिकलेली नाही, त्या घरातल्या बाईने काय रांधावे, हा प्रश्न कृषिमूल्याच्या अहवालात येत नाही.

ज्याला पाणी आहे तो उसाकडे वळला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने तुटीच्या खोऱ्यांतल्या उसाविषयी 1999 सालीच इशारा दिला होता. तो ग्रंथालयात सुखरूप आहे. आणि ज्याला पाणीही नाही, तो दुसऱ्याचा ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. ऊसतोडीच्या हिशेबातला एक शब्द वाचकांनी नीट ऐकावा: ‘कोयता’. मुकादम जी उचल देतो ती माणशी देत नाही, कोयत्यामागे देतो. आणि एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, मधल्या वेळात भाकरी थापते, पोर सांभाळते. हिशेबाच्या वहीत दोघांचा मिळून एक आकडा, उचल नवऱ्याच्या हातात. त्या बाईला स्वतंत्र मजुरी किती, असे विचारले तर मुकादमाला प्रश्नच समजत नाही. गावच्या शेतात तिचे जे स्थान, तेच फडात. जागा बदलते, रीत बदलत नाही.

आता त्या प्रयोगाकडे येऊ. त्याची मुळे शेतीत नसून भूकंपात आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारीचे नाव जगभर झाले. आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरसारखी गावेही तशीच उद्ध्वस्त झाली होती. जी गावे पूर्णपणे कोसळली त्यांचे पुनर्वसन झाले. पण हजाराहून अधिक गावांत घरे तडकून उभी राहिली होती. ती मालकांनीच सरकारी अनुदानातून दुरुस्त आणि मजबूत करून घ्यावयाची, असा कार्यक्रम जागतिक बँकेच्या मदतीने आखला गेला. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्वयम शिक्षण प्रयोगा’कडे ह्या कार्यक्रमात लोकसहभागाचे काम आले. त्यांनी गावोगाव बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले. ज्या बाईने कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, ती अनुदानाचा हप्ता कोठे अडला हे विचारू लागली, भिंतीत पट्टा कसा घालायचा, कोपरे कसे बांधायचे हे गवंड्याला सांगू लागली. घर पडल्यावर बाई बोलू लागते ह्यात एक कडू विनोद आहे. पण बोलू लागली हे खरे.

पुढे ह्याच बायका बचतगटांत एकत्र राहिल्या. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे ह्यांच्यापैकीच एक. ऐन तारुण्यात वैधव्य आलेली ही स्त्री पुढे गटांच्या महासंघाची नेतृत्व करणारी कार्यकर्ती झाली आणि परदेशांतल्या परिषदांत मराठवाड्यातल्या दुष्काळाविषयी बोलून आली. 2012 नंतरच्या दुष्काळांत ह्या गटांच्या कामाने शेतीत खरा जोर धरला. मागणी अगदी साधी होती. घरच्या चार-पाच एकरांतला अर्धा किंवा एक एकर आमच्या हाती द्या. त्यात काय पेरायचे ते आम्ही ठरवू. उरलेल्यात तुमचे सोयाबीन खुशाल पेरा.

ही मागणी मान्य करून घ्यायला कित्येक घरांत महिने गेले असतील. नवऱ्याने दिला तो तुकडा बहुधा बांधालगतचा, मुरमाड, कोणालाही नको असलेला. पण त्यावर जे उभे राहिले ते पाहण्यासारखे आहे. मृगाचा पाऊस झाला की तुरीच्या ओळी पडतात आणि त्यांच्या मध्ये मूग, उडीद. मूग साठ-पासष्ट दिवसांत तोडणीला येतो, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या तोंडाशी घरात पहिली डाळ. तूर आपली हळूहळू वाढत राहते, तिचे मूळ खोल जाते, आणि वरचा पाऊस उघडला तरी ती पौष-माघापर्यंत खालच्या ओलीवर तग धरते. बांधावर शेवगा, कुंपणावर दोडका आणि दुधी, एका कोपऱ्यात वांगी, गवार, मिरची, दोन वाफे मेथी-कोथिंबिरीचे. रब्बीत ज्वारी, हरभरा, कडेने करडई. एकाच एकरात वीस-पंचवीस प्रकार. खत म्हणून शेण, गोमूत्र, गांडूळखत. किडीवर दशपर्णी अर्क. भुसकट आणि पाला शेळीला, शेळीच्या लेंड्या पुन्हा रानात. आधी चूल, मग उरले तर बाजार, हा त्यातला क्रम.

शेळीविषयी एक शब्द ह्या जिल्ह्याच्या नावाने बोललाच पाहिजे. उस्मानाबादी शेळी ही मांसासाठी नावाजलेली जात. बहुधा काळी, काटक, पुष्कळदा जुळी देणारी, निकृष्ट चाऱ्यावर निभावणारी. सरकारी योजनांत दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट वाटतात. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते दुधापेक्षाही दुसऱ्या एका कारणाने खरे आहे: ती सातबाऱ्यावर लागत नाही. पोराच्या फीसाठी, दवाखान्यासाठी बाई एक करडू विकू शकते. तलाठ्याकडे जावे लागत नाही. गरीब बाईची मालमत्ता जी काही आहे ती अशी चार पायांवर उभी आहे, आणि तीदेखील बाजारात दोरी धरून न्यायला बहुतेकदा नवराच जातो.

2016 साली ‘स्वयम शिक्षण प्रयोगा’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. 2022 साली प्रेमाताई गेल्या. त्यांच्या मागे काम चालू आहे. सन्मान योग्यच होता. माझी तक्रार त्याविषयी नाही. तक्रार आहे ती ह्या यशाचा अर्थ आपण सोयीस्करपणे कसा लावतो त्याविषयी. ‘बघा, बायकांना थोडे प्रशिक्षण दिले, चार बियाण्यांची पाकिटे दिली, की गरिबी हटते’ असा निष्कर्ष काढला जातो. जणू अडचण त्यांच्या अडाणीपणाची होती!

ह्या प्रयोगावर घेतले जाणारे आक्षेपही पाहू. अर्थशास्त्र शिकलेले मित्र म्हणतात की एक एकर म्हणजे पोटापुरती शेती, तीत भांडवल तयार होत नाही, उगाच तिचे कौतुक नको. बाजाराच्या बाजूने हिशेब मांडला तर त्यांचे बरोबर आहे. पण ह्या एकराचा हिशेब जमेच्या रकान्यात न मांडता खर्चाच्या रकान्यात मांडायला हवा. डाळ, भाजी, ज्वारी, तेलाला करडई घरची, बियाणे घरचे, खत-औषधाची उधारी नाही. दुष्काळी वर्षात कर्ज कशाने वाढते, हे कोणत्याही किराणा दुकानाची वही सांगेल. 2020 च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले तेव्हा ज्या घरांच्या परसात आणि बांधावर अन्न होते, ती घरे कोणाच्या शिध्याची वाट पाहत बसली नाहीत. समुद्रकाठच्या वाडीत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. केळीखाली आळू, आळूशेजारी वेल, आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणारी आजी ज्याने पाहिली आहे, त्याला एका तुकड्यावर घर कसे उभे राहते हे माहीत आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. बाईच्या डोक्यावर आधीच घर, पाणी, गुरे, मजुरी. त्यात हा एकर आणि त्याचे बारा महिन्यांचे लचांड. ह्याला सक्षमीकरण म्हणायचे की नवा बोजा? ह्याचे उत्तर संस्थांनी आणि सरकारने द्यायला हवे. गटाच्या सभा, नोंदवह्या, प्रशिक्षणे, पाहुण्यांच्या भेटी आणि त्यांच्यासाठी केलेला चहा, ह्या सर्वांत त्या बाईचा किती वेळ फुकट घेतला जातो, ह्याचा जमाखर्च कोणी ठेवला आहे काय? ‘लोकसहभाग’ ह्या शब्दाखाली गरीब बायकांची बिनपगारी चाकरी किती खपते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तथापि सोयाबीनच्या रानात नवऱ्यासाठी राबणे आणि आपण ठरवलेल्या रानात राबणे ह्यांत फरक आहे, आणि तो त्या बायकांनाच कळतो. नाहीतर त्यांनी हा एकर मागितलाच नसता.

आणि इथे गाडी मूळ मुद्द्यावर येते. तो एकर त्यांनी मागितला, म्हणजे तो दुसऱ्याचा होता. मिळाला तोही कसण्यापुरता. बहुतेक घरांत त्याचा सातबारा आजही नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे आहे. पाच वर्षे खत-माती घालून मुरमाचे काळे रान केले, की ते पुन्हा सोयाबीनखाली घ्यायला, विहिरीसाठी गहाण टाकायला, नाहीतर रस्त्यालगत असेल तर प्लॉट पाडून विकायला कोणाची परवानगी लागते? तिची नाही. ज्या उपजीविकेचा पाया नवऱ्याची मर्जी हा आहे, तिला शाश्वत म्हणणे ही भाषेची थट्टा आहे.

हे केवळ मानाचे प्रकरण नव्हे. देशातल्या शेतीच्या खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण 2015-16 च्या कृषिगणनेनुसार सुमारे 14 टक्के होते. शेतीतले बहुतेक काम मात्र त्याच करतात. सरकारच्या लेखी शेतकरी म्हणजे ज्याच्या नावे उतारा आहे तो. पीककर्ज त्याला, विमा त्याला, 2019 पासूनचा किसान सन्मान निधी त्याच्या खात्यात. त्यात आता 2025 च्या एप्रिलपासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीवरून मिळतो. म्हणजे जी पूर्वी नुसती नजरेआड होती, ती आता संगणकातूनही गेली. 2024 साली राज्याने बहिणींच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा करायला सुरुवात केली. ते घेणाऱ्या बाईविषयी नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. पण जे सरकार बहीण म्हणून पैसे देऊ शकते, त्याला शेतकरी म्हणून तिचे नाव लिहिताना हात का आखडावा?

नवऱ्याने आत्महत्या केली तर काय होते, ते आठवावे. 2015 ह्या एका वर्षात मराठवाड्यात हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी जीव दिला. मदतीचे एक लाख रुपये, तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. तेही जमीन, कर्ज आणि कारण ह्यांची कागदपत्रे पटली तर. मग वारसनोंदीसाठी त्या विधवेच्या खेपा सुरू होतात, आणि दीर-सासरे ‘जमीन काय पळून जाते?’ म्हणत तिला माहेरची वाट दाखवतात. ह्या स्त्रियांच्या संघटनांनी पाठपुरावा केल्यावर जून 2019 मध्ये शासनाने वारसनोंदीसह अनेक बाबतींत त्यांना साहाय्य करण्याचा निर्णय काढला. निर्णय चांगला आहे. पण नवरा मेल्यावर जिची दखल घ्यावीशी वाटते, तिची तो जिवंत असताना का घेऊ नये?

कायद्याची अडचण आहे, असे सांगतात. अडचण आहे, पण सांगतात तेवढी नाही. हिंदू कायद्यात लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा महाराष्ट्राने 1994 साली आणि संपूर्ण देशाने 2005 साली दिला. बायकोची स्थिती निराळी: नवरा आणि मुलगे ह्यांच्यात वाटणी झाली तर तिला हिस्सा आहे, पण वाटणी मागण्याचा हक्क तिला नाही. म्हणून नवऱ्याने आपण होऊन देणे हाच मार्ग उरतो. तो मार्ग ह्या महाराष्ट्रात एकदा चोखाळला गेला आहे. 1986 च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: ज्या गावातले शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. पुष्कळ गावांनी ते केले. खुल्या बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या ह्या नेत्याला जे उमगले, ते आम्हा समाजसेवेची भाषा बोलणाऱ्यांना तीस-पस्तीस वर्षांत उमगू नये, ह्याचे मला नवल वाटते. 1992 साली शासनानेही पत्नीचे नाव उताऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येईल असे फर्मान काढले. ऐच्छिक होते, ऐच्छिक राहिले.

आज तर सबबी आणखी कमी झाल्या आहेत. शेतजमीन पत्नीला बक्षीस द्यायची तर 2015 पासून मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. म्हणजे एका जेवणावळीतल्या बुंदीहून स्वस्त. तुकडेबंदीचा कायदा आड येतो म्हणावे, तर 2023 साली बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे असे खाली आणले गेले. एकर म्हणजे 40 गुंठे. आता आड काय येते?

‘घर फुटेल’ हे येते. बायकोच्या नावे जमीन केली तर उद्या ती डोईजड होईल, माहेरच्यांचे ऐकेल, घर फुटेल. सातबारा ज्याने वाचला आहे त्याला त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना माहीत असेल. त्यात सोसायटीचा बोजा चढतो, बँकेचा चढतो, दोनदोन पिढ्या उतरत नाही. तेव्हा घर फुटत नाही. जिने त्या रानात आयुष्य घातले तिचे नाव चढले की मात्र फुटते! आणि भावाभावांत बांधावरून कुऱ्हाडी निघतात, बहिणींकडून दिवाळीला साडी नेसवून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते, तेव्हा फुटते ते काय असते? ह्या बाबतीत मराठवाड्याकडे बोट दाखवताना आपणही जरा थांबावे. 1925 च्या उत्तराधिकार कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा आहे. वसईतल्या किती वाड्यांच्या उताऱ्यांवर लेकींची नावे टिकली, हे ज्याने त्याने आपापल्या घरचा कागद काढून पाहावे.

ज्यांच्यापाशी वाटून द्यायलाही एकर नाही, त्यांचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. मराठवाड्यातली भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबे गायरानांवर पिढीजात कसत आली. एकनाथ आवाड यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय 1991 साली झाला; त्याची अंमलबजावणी रेंगाळली ती रेंगाळलीच. दादासाहेब गायकवाड यांच्या नावाच्या 2004 च्या योजनेत भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत मिळावी असे ठरले, विधवा आणि परित्यक्तांना प्राधान्यही दिले. पण सरकार देऊ पाहते त्या भावात जमीन विकायला मालक पुढे येत नाहीत. एक एकराच्या कौतुकात ही माणसे विसरली जाऊ नयेत. शेळ्यांचा गट त्यांना मिळतो खरा, पण चारायच्या कोठे?

मग करायचे काय? सरकार घरकुल देते तेव्हा ते पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे देते. प्रधानमंत्री आवास योजनेत तशी तरतूदच आहे आणि त्याने कोणाचे घर फुटल्याचे ऐकिवात नाही. जी अट चार भिंतींना लावता आली, ती विहिरीला, ठिबकला, शेततळ्याला लावावी: सार्वजनिक पैशातून ज्या रानाचे मोल वाढणार, त्या रानाच्या उताऱ्यावर आधी घरधनिणीचे नाव. नवरे कुरकुर करतील आणि विहिरीसाठी सही करतील. इतकी ओळख मला त्यांची आहे. सेवाभावी संस्थांनी, आणि ह्यात आपल्याही संस्था आल्या, शेळ्या, शिलाई यंत्रे, बियाण्यांची पाकिटे वाटण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा, आणि वार्षिक अहवालात किती ‘लाभार्थी’ ह्या आकड्याशेजारी किती सातबारे हा आकडा छापावा. तो पहिली काही वर्षे लाजिरवाणा असेल. छापावा.

काम कागदाचे आहे आणि कंटाळवाणे आहे. बक्षीसपत्र करायचे, दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचे. मग तलाठी (2024 पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आहे) फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस काढतो आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतो, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्या पंधरा दिवसांत दीर येऊन बसतात, सासू अन्न सोडते, भावकीतला कोणी शहाणा नवऱ्याच्या कानाशी लागतो, आणि पुष्कळ नोंदी तिथेच बारगळतात. तेव्हा ज्यांना काही करायचे आहे त्यांनी सत्काराचा दिवस सोडून ह्या पंधरा दिवसांत त्या गावी मुक्कामाला जावे.